उर्वरित प्रश्नांची लेखी उत्तरे

बाकं वाजली. ती आपल्यासाठी वाजतायत हे त्याला खाली बसल्यावरच कळलं. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड, जिथून अध्यक्षांचा फक्त डावा कान आणि अर्धा चष्मा दिसतो, तिथून तो बोलला होता आणि पुढच्या रांगांतल्या माना चक्क मागे वळल्या होत्या. कानशिलं अजून तापलेली होती. आणि तरी आत कुठेतरी कुणी गुदगुल्या करत असावं असं वाटत होतं. शेजारचे आजोबा डोळे न उघडताच बाक वाजवत होते. पाचव्यांदा निवडून आलेले आणि पाचही वेळा याच रांगेत बसलेले, म्हणून सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यानं मान वर करून प्रेक्षकांच्या गॅलरीकडे पाहिलं. ताई पहिल्याच रांगेत होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. ती त्याच्याकडे बघत नव्हती. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघत होती. खांबामुळे त्याच्या जागेवरून घड्याळ दिसत नसे, त्यासाठी वाकावं लागे. तो वाकला, आणि तेवढ्यात अध्यक्ष रोजच्या सपाट आवाजात म्हणाले, "प्रश्नोत्तरांचा तास संपला आहे. उर्वरित प्रश्नांची लेखी उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येत आहेत."

उर्वरित म्हणजे तिसऱ्यापासून पुढचे सगळे. तिसरा त्याचा होता.

दारात बोट सापडलं की पहिला क्षणभर काहीच वाटत नाही, तसं त्याला काहीच वाटलं नाही. उलट समोरच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून शाबासकीचा अंगठा उंचावला तेव्हा तो हसलासुद्धा. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आतून माणूस निघून गेला. सभागृहाचं पुढचं काम सुरू झालं होतं, कोणीतरी कसलीतरी कागदपत्रं मांडत होतं, आणि त्याच्या समोरच्या फळीवर त्याचा प्रश्न उघडा पडला होता, छापील, वर त्याचं नाव. खाली इथल्या भाषेत, म्हणजे माणसं ज्या भाषेत कधीच बोलत नाहीत त्या भाषेत: 'नदीवरील पुलाचा कठडा बस-अपघाताच्या आधीपासूनच तुटलेला होता, हे खरे आहे काय, असल्यास, तो दुरुस्त न करण्याची कारणे काय?' त्यानं लिहिलं होतं ते वेगळंच होतं, लांबलचक आणि संतापाचं. कचेरीतल्या कारकुनानं ते छाटून इतकं उरवलं होतं. छाटताना कारकून म्हणाला होता, "साहेब, राग उपप्रश्नात काढायचा. मूळ प्रश्न गरीब दिसला पाहिजे." त्याला ते पटलं होतं. मंत्र्यांनी उठून 'हे खरे नाही' म्हणावं, मग आपण उठावं, आणि मग एकेक विचारावं: डेपोत तक्रार कोणी दिली होती, किती वेळा दिली होती, त्या तक्रारीवर सही कोणाची आहे. आंघोळ करतानासुद्धा तो हे उपप्रश्न घोकत असे. बायको बाहेरून विचारायची, "कोणाशी भांडताय?"

बस भावजी चालवत होते. ताईचा नवरा. त्यांनीच याला गाडी शिकवली होती, डेपोच्या मागच्या मोकळ्या जागेत, सुटीच्या दिवशी, रिकाम्या बसमध्ये. एवढं मोठं धूड आणि त्यात हे दोघंच. भावजी म्हणायचे, रस्ता डोळ्यांनी नंतर दिसतो, आधी तळपायाला कळतो. हा तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा, त्याला वाटायचं, काय बडबडतो हा माणूस. पुढे यानं स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल काढली आणि हेच वाक्य आपलं म्हणून वर्षानुवर्षं खपवलं. पुलाचा कठडा तुटलाय हे भावजी जेवताना बोलले होते. वळणावर, उतरत्या बाजूला, अख्खी बस जाईल एवढी फट. डेपोत सांगितलं, म्हणाले, पुन्हा सांगितलं, आता तोंडाला फेस आला. ताई म्हणाली, "तुम्ही कशाला सारखं तोंड वाईट करता, दुसरे चालक नाहीत का?" भावजी हसले आणि त्यांनी आणखी भात वाढून घेतला. मग एका ओल्या सकाळी समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना बस त्या फटीतूनच गेली. संध्याकाळी टीव्हीवर रस्तेमंत्री उदास चेहरा करून म्हणाले, चालक वेगात होता. बस झालं. मेलेल्या माणसाच्या माथी मारलं की तो हात धरायला येत नाही.

गावानं ते मानलं. गावाला एक माणूस हवा होता आणि तो आयताच सापडला. ताईच्या समोरच्या घरातली मुलगी त्या बसमध्ये होती. तिची आई, जिच्याबरोबर ताईनं इतकी वर्षं विरजणापासून सुईदोऱ्यापर्यंत सगळ्याची देवघेव केली, ती आता ताई कपडे वाळत घालायला आली की खिडकी लावून घ्यायची. धाडकन नाही, हळूच. ताई म्हणायची, धाडकन लावली असती तर बरं झालं असतं. गाव चिडलेलं होतं तेव्हाच निवडणूक आली. पक्षाची माणसं याच्या स्कूलवर आली, गाड्यांच्या सावलीत बसली, म्हणाली, मास्तर, लोक तुमचं ऐकतात, निम्म्या गावाला तुम्ही गाडी शिकवली आहे, तुम्ही पुलाचा प्रश्न घेऊन उभे राहा. सत्ता त्यांचीच होती, रस्तेमंत्रीही त्यांचाच. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याला वाटलं, आत शिरूनच बोलावं. रागाला तिकीट दिलं की राग घरचा होतो, हे पक्षाला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. ताई एवढंच म्हणाली होती, "मला काही नको रे. भरपाई नको, फोटोला हार नको. त्या माणसानं तिथं सगळ्यांसमोर उभं राहून एकदा म्हणावं, कठडा आधीच तुटला होता. मग मी त्या खिडकीवर जाऊन सांगेन."

निवडून आला आणि या खांबाच्या आड येऊन बसला. पहिले काही आठवडे दारावरचा पहारेकरी त्याला रोज पास विचारायचा आणि पास बघून रोज नव्यानं आश्चर्य करायचा. त्याचं आजवरचं संसदीय कार्य म्हणजे सगळ्यांबरोबर 'होय' ओरडणं आणि एकदा पेंगताना चुकून विरोधकांबरोबर 'नाही' ओरडणं. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, आता आपली चंपी होणार. पण प्रतोद, म्हणजे पक्षाच्या लोकांनी कधी उठायचं, कधी बसायचं, कशाला होय म्हणायचं हे सांगणारा माणूस, तो रागावला नाही. त्यानं स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाला, "झोप लागते, मास्तर. सुरुवातीला सगळ्यांनाच लागते." केवढा बरा माणूस, असं त्याला वाटलं होतं. बाकी वेळ तो हात वर करायचा. हात वर केला की अध्यक्षांचा डावा कान त्याच्याकडे असे, डोळा नसे. प्रश्न टाकायचे, चिठ्ठ्यांत ते मागे पडायचे, विसावे, तिसावे, आणि तासाभरात इथे तीन-चार प्रश्नांच्या पुढे गाडी जात नाही. मग या आठवड्यात चिठ्ठी निघाली आणि पुलाचा प्रश्न तिसरा आला. त्यानं ताईला फोन केला. ताई पहाटेच्या गाडीनं निघून आली, भावजींनी घेऊन दिलेली साडी नेसून. पास हातात घट्ट धरून ती पायऱ्यांवर उभी होती तेव्हा तिच्याकडे बघून त्याला उगीचच शाळेच्या निकालाचा दिवस आठवला.

आज सकाळी कॅन्टीनमध्ये प्रतोद त्याच्या टेबलावर येऊन बसला होता. स्वतःहून.

"मास्तर, आज बोलायचं बरं का."

"आज माझा प्रश्नच आहे ना. तिसरा."

"तो तर आहेच. पण त्याच्या आधी दुसरा आहे, वाहन परवान्याच्या चाचण्यांचा. त्यातलं आमच्यात कोणाला ओ की ठो कळत नाही. तुमचा तर तो धंदा. उपप्रश्नाच्या निमित्तानं उभे राहा आणि मन मोकळं करा. पहिलं भाषण आहे तुमचं. पहिलं भाषण कोणी मध्ये तोडत नाही, इथला रिवाजच आहे तसा. अध्यक्ष घंटा वाजवत नाहीत, विरोधक उठत नाहीत. अशी संधी परत मिळत नाही कोणाला."

"पण वेळ—"

"वेळेचं मी बघतो. तुम्ही वेळेचा विचारच करू नका."

आणि त्यानं केला नाही. प्रतोदाचं ते वाक्य आता बाकावर बसल्या बसल्या तो पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत होता. त्याच्या शिकाऊ गाड्यांना दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणारा स्टिअरिंगवर घामाघूम होऊन समजत असतो की गाडी आपण चालवतोय. शहाणा मास्तर त्याला तसं समजू देतो, नुसता पाय अलगद ठेवून असतो. कित्येकांना त्यानं असं चालवलं होतं, वर शाबासकी दिली होती, "आज छान चालवलीत हं." तेव्हा ती फसवणूक वाटली नव्हती. दुसऱ्याच्या पायाखालचा ब्रेक हा आपल्याला कधी दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पण तो बोलला छान, हेच तर वाईट होतं. वाईट बोलला असता, अडखळला असता, तर लवकर खाली बसला असता. तो परवान्याच्या मैदानावरच्या आठच्या आकड्याबद्दल बोलला. आठ काढता येतो म्हणून परवाना मिळतो, पण रस्त्यावर आठ कुठे असतो? चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुढे काढणं ही खरी परीक्षा, आणि ती कोणी घेतच नाही. एका सत्तरीच्या बाईंनी त्याच्याकडे गाडी शिकताना पहिल्या दिवशी विचारलं होतं, "अहो, मागे वळून बघायचं नाही तर आरसे कशाला दिलेत?" हे सांगितलं तेव्हा विरोधकसुद्धा खळखळून हसले. त्या हसण्यानं त्याला चढली. रांगेतले लोक मागे वळून बघत होते, लघुलेखकांच्या पेन्सिली त्याच्या एकेका शब्दामागे धावत होत्या, समोर रस्तेमंत्री मान डोलावत काहीतरी टिपून घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादं वाक्य बोलायच्या आधीच ते लोकांना आवडणार हे त्याला कळत होतं. पुलाचा विषयसुद्धा एकदा जिभेवर आला होता. वळणावरचे रस्ते, तुटके कठडे, चांगला चालक काय करील. पण त्यानं तो गिळला. तो तिसऱ्यासाठी राखून ठेवला! गॅलरीतून कोणीतरी खोकलं होतं. थांबून पुन्हा खोकलं. प्रेक्षकांना तिथे बोलायची मनाई असते. तो खोकला त्यानं ओळखला होता, लहानपणापासून ओळखीचा. वडील घरात शिरले की ताई दुसऱ्या खोलीत त्याला सावध करायला असंच खोकायची. त्यानं ओळखला आणि मनात म्हटलं, पहाटेच्या गारठ्यात आली, घसा बसला असेल. आणि तो पुढे बोलत राहिला.

की त्याला माहीत होतं? हा विचार आला तेव्हा त्याला बाक टोचायला लागला. वाकलं की घड्याळ दिसत होतं. बोलताना तो वाकला नाही. एकदाही नाही. माणूस घड्याळाकडे कधी बघत नाही? त्याला जे कळेल ते नको असतं तेव्हा. तो प्रतोदाला शिव्या घालू शकत होता आणि घालणारही होता, पण त्या कितीही घातल्या तरी वाकली नाही ती मान त्याचीच होती.

आजोबा जागे झाले होते. खिशातून लवंग काढून त्यांनी तोंडात टाकली आणि त्याच्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "तिसरा तुमचा होता होय?"

"हो."

"मला ठाऊक नव्हतं. पहिला माझा होता ना, बागेतल्या बंद कारंज्यांचा. मला सांगितलं, आजोबा, आज दोन-चार उपप्रश्न जास्त विचारा. मी विचारले. कारंज्यांबद्दल विचारून विचारून विचारणार काय? तरी विचारले." मग लवंग दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले, "माझ्या पहिल्या वर्षी माझाही असाच गेला होता. धरणाचा होता. फार वाजली होती बाकं."

"मग परत टाकलात?"

"उत्तर छापलं गेलं की त्या अधिवेशनात तोच प्रश्न परत घेत नाहीत. पुढच्या अधिवेशनापर्यंत मी दोन समित्यांवर गेलो होतो." आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले. त्याला त्या मिटलेल्या पापण्यांचा इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. आणि तो उठलाच, तसाही पुढल्या कामकाजात त्याला कोणी शोधणार नव्हतं.

बाहेरच्या मांडणीवर उत्तरांच्या प्रती ठेवलेल्या असतात. त्यानं एक उचलली. तो ती वाचत होता तेवढ्यात गॅलरीच्या जिन्यावरून ताई खाली आली. कठड्याला धरत, एक एक पायरी. तिचे गुडघे दुखतात हे त्याला आत्ता आठवलं.

"छान बोललास," ती म्हणाली.

त्याला ती ओरडली असती तर चाललं असतं. "ताई, वेळच संपला गं. मला वाटलं होतं..."

"अरे, होतं असं. ते मागे वळून बघायचं नाही म्हणाल्या त्या बाई, ते मला फार आवडलं. हे असते तर हसले असते." मग तिनं त्याच्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. "ते काय आहे? आपलं उत्तर आहे का?"

त्याला कागद खिशात घालता आला असता. पण तिनं हात पुढे केला होता. पर्समधून चष्मा काढून तिनं तो घातला, आणि कागद खिडकीच्या उजेडात धरून, ओठ हलवत वाचला. प्रश्न, वर त्याचं नाव, आणि खाली उत्तर: 'हे खरे नाही. अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचे निदर्शनास आले आहे. दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.' तिनं ते पुन्हा वरून खाली वाचलं, जणू मध्ये कुठेतरी एखादी ओळ सुटली असावी.

"हे आता छापून ठेवतात का रे?"

"हो."

"कायमचं?"

"इथल्या ग्रंथालयात असतं. कामकाजाच्या खंडात."

"म्हणजे आधी ते नुसतं टीव्हीवर बोलले होते," ताई म्हणाली. "वाऱ्यावर गेलं असतं ते कधी ना कधी. आता पोरांची पोरंसुद्धा वाचतील. त्यांच्या आजोबांच्या नावावर हे, आणि विचारलं कोणी तर मामाआजोबांनी." ती रागानं बोलत नव्हती, नुसतं समजून घेत होती, हिशेबाला कच्ची मुलगी हातचा धरून पाहते तसं. "त्यापेक्षा विचारलंच नसतं तर बरं झालं असतं ना?"

आपण पुढच्या अधिवेशनात बघू, असं काहीतरी तो म्हणणार होता. तेवढ्यात सभागृहाचं दार उघडलं आणि प्रतोद बाहेर आला, त्याच्याबरोबर रस्तेमंत्री. दोघंही हसत होते. मंत्र्यांनी लांबूनच हात पुढे केला. जवळून ते टीव्हीवरच्यापेक्षा ठेंगणे दिसत होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा एक छोटा डाग होता. "मास्तर, काय बोललात! माझ्या खात्याची लाज काढलीत आणि मलाच हसवलंत. मी सगळं टिपून घेतलंय. रस्ता-सुरक्षेची समिती होतेय, त्यावर तुम्ही हवेत मला." प्रतोदानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. मंत्री आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "आणि तो तुमचा पुलाचा प्रश्न. वाईट वाटून घेऊ नका. आता काय आहे, तो ड्रायव्हर बिचारा स्वतःच गेला. त्याच्या घरच्यांचंही काही म्हणणं नाही असं खातं सांगतं, म्हणून आम्ही तसं लिहिलं. घरच्यांपैकी कोणी पुढे आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आहे का कोणी?"

आता समोर अध्यक्ष नव्हते, खांब नव्हता, घंटा नव्हती. मंत्री उत्तराची वाट बघत उभे होते, आणि त्यांना अजिबात घाई नव्हती. घोकलेले सगळे उपप्रश्न त्याला एका दमात आठवले, सहीसकट. ताई त्याच्या कोपरापाशी उभी होती. तिनं चष्मा काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. या वेळी ती खोकली नाही. खांद्यावरचा हात अजून तिथेच होता. समिती, त्याच्या मनात आलं, समितीवर गेलो की आतून करता येईल, सावकाश, नीट. हे त्याला इतकं खरं वाटलं की स्वतःची कीवसुद्धा आली नाही.

"तसं कोणी माझ्या कानावर नाही," तो म्हणाला.

"बघा," मंत्री प्रतोदाला म्हणाले. मग त्यांची नजर ताईकडे गेली. "या कोण?"

"मतदारसंघातून आल्यात," तो म्हणाला. "सभागृह बघायचं होतं त्यांना."

"वा! मग, नीट दिसलं ना वरून सगळं?"

"दिसलं," ताई म्हणाली. तिनं हातातला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, पर्स मिटली, पदर सारखा केला. मग ती त्याच्याकडे वळली. लहानपणी तिनं त्याला अंघोळी घातल्या होत्या, त्याच्यासाठी वडिलांचा मार खाल्ला होता, आणि आयुष्यात कधी त्याला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती.

"येते मी, साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला कामं असतील."

आणि तो हसला. निरोप देताना मतदाराकडे बघून हसायचं असतं, हे एव्हाना त्याच्या अंगवळणी पडलं होतं.